कमजोर पाणी

अकोल्यात समुद्र आहे असं कोणी सांगितलं, तर तुम्ही त्याला आधी सावलीत बसवाल, पाणी पाजाल आणि मग घरच्यांचा नंबर विचाराल. इथल्या उन्हात भल्याभल्यांना काहीबाही दिसतं. पण हा समुद्र खरा होता. नबीभाईंच्या बर्फाच्या कारखान्यामागं, पत्र्याच्या शेडमध्ये, काचेच्या तीन थोराड टाक्यांत तो भरून ठेवला होता. आणि भरणारी होती नबीभाईंची लेक, डॉक्टर महेजबीन. औषध देणारी डॉक्टर नव्हे, समुद्री जीवांवर संशोधन करणारी. अमरावतीच्या एका कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकवायची आणि शुक्रवारी संध्याकाळी अकोल्याची गाडी धरायची. मूर्तिजापूर मागं पडलं की सामान घेऊन दारात उभी, इतकी तिला त्या टाक्यांची घाई असायची.

टाक्यांच्या तळाला वाळू होती, वाळूवर प्रवाळाचे तुकडे होते, आणि पहिल्या दोन टाक्यांत समुद्रकाकड्या होत्या. तिसरीत मुद्दाम नव्हत्या. समुद्रकाकडी म्हणजे काकडी नव्हे, प्राणी आहे. पण दिसायला अगदीच बापुडा. ना डोळे, ना डोकं, पुढचं कुठलं आणि मागचं कुठलं हेही पटकन कळत नाही. वीतभर लांब, चामड्यासारखी, मळकट. आयुष्यभर एकच काम: पुढून वाळू गिळायची, तिच्यातलं कुजकं-नासकं खायचं आणि मागून धुतल्यासारखी स्वच्छ वाळू सोडायची. एवढंच. या एवढ्यावर महेजबीननं आपली सगळी उमेद लावली होती.

गावाला ही थट्टेची चांगलीच सोय झाली होती. रसवंतीवाले महादेवराव रोज सकाळी बर्फाची लादी न्यायला यायचे, आणि शनिवारी तर मुद्दाम शेडमध्ये डोकावून जायचे.

"काय मॅडम, वाढली का काकडी? कोशिंबिरीपुरती झाली की सांगजा."

"महादेवकाका, हिला हात लावाल तर आत जाल. वाघाला जो कायदा, तोच हिला."

"बाप्पा! काकडीले वाघाचा कायदा!" महादेवराव लादीवर गोणपाट टाकत म्हणायचे आणि हीच गोष्ट दिवसभर रसवंतीवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे.

कायदा खरा होता, पण तो पाळायला समुद्रात कोण बसलंय? महेजबीननं दूरच्या एका बेटाजवळ कित्येकदा बुड्या मारल्या होत्या. तिथल्या प्रवाळपट्ट्यावरून चोरटे लोक पोत्यांनी काकड्या उचलून नेत, वाळवून परदेशी पाठवत. जिथून काकड्या गेल्या तिथली वाळू खालून आंबली होती, काळी पडली होती, आणि आजूबाजूच्या प्रवाळावर पांढरे चट्टे उठून तो मरायला लागला होता. प्रवाळ मेला की मासा गेला, आणि मासा गेला की त्या बेटावरच्या माणसाच्या ताटातलं गेलं. महेजबीनचं म्हणणं सरळ होतं: त्या पट्ट्यावर पहारा बसवा आणि काकड्या पुन्हा सोडा, प्रवाळ आपोआप सुधारेल. पण म्हणणं वेगळं आणि पटवणं वेगळं.

पटवायचं होतं एका सरकारी समितीला, आणि समितीचे प्रमुख होते कारवारचे डॉक्टर शानभाग. उभा जन्म समुद्रात गेलेला माणूस. फेब्रुवारीत समिती अमरावतीला आली, कॉलेजच्या सभागृहात बसली, आणि महेजबीननं पडद्यावर फोटो दाखवले. काकड्यांच्या टाक्यांत वाळू पांढरी, प्रवाळ टवटवीत. बिनकाकड्यांच्या टाकीत वाळू काळी, प्रवाळ चट्ट्याचट्ट्यांचा.

शानभागांनी चष्मा काढून पुसला. "फोटो छान आहेत, मॅडम. पण या टाक्या वेगवेगळ्या आहेत. एकीवर ऊन जास्त पडत असेल, एकीचा पंप बरा चालत असेल. हा फरक काकडीनंच केला, टाकीनं नाही, हे कशावरून? आणि मला एक कळत नाही. सगळा किनारा सोडून हे अकोल्यात कशाला?"

मागं कोणीतरी फिसकन हसलं. महेजबीनचे कान गरम झाले.

"समुद्रात शंभर गोष्टी मध्ये येतात सर. लाट येते, नदीचा गाळ येतो, चोर येतो. इथं काही येत नाही. इथल्या पाण्यात मिठाचा खडासुद्धा मी मोजून घातलाय."

हे वाक्य लक्षात ठेवा. तिला पुढं ते फार महाग पडलं.

"बरं," शानभाग म्हणाले, "मेअखेरीस आम्ही अकोल्याला येऊन डोळ्यांनी बघू. पटलं तर पहारा बसेल. नाही पटलं, तर तुमचे प्राणी किनाऱ्यावर परत जातील आणि हा विषय संपेल."

गाडीत बसल्यावर महेजबीन खिडकीकडं तोंड करून रडली. रागानं रडली. कारण माणूस खडूस होता, पण मुद्दा बरोबर होता. पहिल्या टाकीतल्या काकड्या उचलून तिसरीत टाकल्या असत्या, तर वाद तिथंच मिटला असता. पण हे प्राणी आणायच्या परवानगीतली अटच अशी होती की एकदा टाकीत बसलेल्या जिवाला हलवायचं नाही, त्रास द्यायचा नाही. अट तिनंच आग्रहानं मान्य केली होती. आता हात बांधलेले.

इकडं कारखान्यात तिच्यामागं टाक्या सांभाळायचे नबीभाई. त्यांची थोडी ओळख करून दिली पाहिजे. घरात ते उर्दू बोलत आणि कारखान्यात वऱ्हाडी. कारखान्याच्या दारातून आत आलं की लेकीशीसुद्धा वऱ्हाडीच, कारण तिथं ती लेक नव्हती, कामावरचं माणूस होती. हयातभर त्यांनी बर्फ बनवला. बर्फाचे डबे ज्या पाण्यात बुडवून ठेवतात ते पाणी स्वतः गोठून चालत नाही, म्हणून त्यात मीठ घालतात. ते पाणी तयार करणं, सांभाळणं, हीच या धंद्यातली खरी कारागिरी. आणि पाणी पाहायची नबीभाईंची रीत एकच: बोट बुडवायचं आणि जिभेला लावायचं.

महेजबीननं टाक्यांमध्ये पहिल्यांदा समुद्राचं पाणी बनवलं, तेव्हाही त्यांनी बोट बुडवलं होतं. तोंड वाकडं केलं होतं.

"कमजोर हाये, बेटा."

"अब्बा, समुद्राचं पाणी एवढंच खारं असतं."

"मंग समुद्रच कमजोर हाये," नबीभाई म्हणाले. त्यांनी समुद्र जन्मात पाहिला नव्हता, पण मताला काही बाधा नव्हती.

एप्रिल लागला. आता अकोल्याचा एप्रिल म्हणजे काय सांगावं! दुपारी बाराला रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. टाक्यांतलं पाणी नुसतं उडून जायला लागलं. पाणी उडतं, पण मीठ मागंच राहतं. म्हणून महेजबीननं नबीभाईंना बजावलं होतं, पातळी उतरली की फिल्टरचं गोडं पाणी घालायचं. नबीभाईंनी मान डोलावली आणि रोज इमानेइतबारे गोडं पाणी घातलं. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

पण परीक्षांच्या कामात महेजबीनच्या तीन फेऱ्या बुडाल्या, आणि महिनाअखेरीच्या एका शनिवारी सकाळी ती शेडमध्ये शिरली ती जागीच थिजली. पहिल्या टाकीजवळ नबीभाई उकिडवे बसले होते, डोक्यावरची टोपी हातात. टाकीच्या तळाला, पांढऱ्या वाळूवर, दोऱ्यांचा गुंता पडावा तसा काहीतरी लिबलिबीत पसारा पडला होता. आणि काकड्या? त्या सुरकुतून, चपट्या होऊन कोपऱ्यात पडल्या होत्या.

"मेल्या, बेटा," नबीभाई म्हणाले. "पोट फुटून मेल्या."

महेजबीनच्या तोंडचं पाणी पळालं. पण ती शिकलेली होती, आणि तिला हे माहीत होतं. समुद्रकाकडीच्या जिवावर बेतलं की ती आपली आतडीच बाहेर फेकते. शत्रू त्यात गुंततो आणि ही निसटून जाते. मरत नाही. नशीब बरं असेल तर पुढं नवी आतडी उगवतात. तिनं दुसऱ्या टाकीकडं पाहिलं. तिथल्या काकड्या आक्रसलेल्या होत्या, पण पोटातलं पोटात राखून बसल्या होत्या. कुठली किती सोसेल याचा नेम नसतो. मग तिनं खारेपणा मोजायचा मीटर काढून पाण्यात घातला. तिथं पस्तीस हवं होतं. काटा चव्वेचाळीसवर. दुसऱ्या टाकीत चव्वेचाळीस. तिसरीत चव्वेचाळीस.

"अब्बा, पाण्यात काय टाकलं?"

"गोडं पाणी. तू सांगितलं तसं."

"आणि?"

नबीभाईंनी भाबडेपणानं कोपऱ्यातल्या पोत्याकडं बोट केलं. "अन् मीठ. गोडं पाणी टाकलं का मीठ टाकाच लागते. नाई तं पाणी कमजोर होते ना."

तिची तळपायाची आग मस्तकात गेली. कधी नव्हे ते ती बापावर ओरडली. पंप बंद करून ओरडली, म्हणजे ऐकू जाण्यात कसर नको. "मी सांगितलं होतं का मीठ टाका म्हणून? काहून टाकलं? हा काय बर्फाचा कारखाना आहे का?"

कारखाना बर्फाचाच होता. पण ते सांगायची ती वेळ नव्हती, आणि नबीभाईंनी सांगितलंही नाही. ते उठले, टोपी डोक्यावर ठेवली आणि बाहेर जाऊन लाद्यांच्या ढिगाशी उभे राहिले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. महेजबीनही नाही. ओरडून झाल्यावर जे वाईट वाटतं ते तिला भरपूर वाटत होतं, पण राग त्याहून मोठा होता.

तिनं हळूहळू पाणी बदललं. एकदम बदललं असतं तर उरलेला जीवही गेला असता. काटा पुन्हा पस्तीसवर आला. आतड्यांचा तो पसारा तिनं त्याच दिवशी चिमट्यानं उचलून काढला. आणि मग फोन उचलून तिनं शानभागांना झालं ते सगळं सांगितलं. लपवायची सोय होती, पण लपवून केलेलं संशोधन काय कामाचं?

मग शानभाग म्हणाले, "मिठाचा खडासुद्धा मोजून घातलाय, असं तुम्हीच म्हणाला होतात ना, मॅडम?"

"हो सर."

"आम्ही ठरल्या दिवशी येऊ. प्राणी न्यायची गाडी सोबतच आणतो."

झालं. कॉलेजला सुट्ट्या लागल्या होत्या, म्हणून महेजबीन अकोल्यातच मुक्कामाला राहिली. करण्यासारखं काही नव्हतं. तरी ती रोज शेडमध्ये जायची, तिन्ही टाक्यांना नेहमीसारखं शेवाळाचं खाद्य द्यायची आणि पहिल्या टाकीसमोर स्टूल टाकून बसायची. आणि बसल्या बसल्या तिला दिसायला लागलं की आता वाळूही चाललीय. पहिल्या टाकीतली पांढरी वाळू आधी करडी झाली. मग काचेला लागून खाली काळी रेघ उमटली आणि दिवसागणिक वर सरकू लागली. एका प्रवाळावर पांढरा चट्टा उठला. बेटाजवळ पाहिला होता अगदी तोच.

"घ्या," ती स्वतःशीच म्हणाली, "आता हेही." आणि तिनं मान फिरवली.

मान फिरवली ती दुसऱ्या टाकीकडं. तिथली वाळू पांढरीशुभ्र होती.

ती उठली. दुसऱ्या टाकीशी गेली, काचेला नाक लावून पाहिलं. पांढरी. परत पहिलीशी आली. काळी. पुन्हा दुसरीकडं. बाहेर भर दुपारचं ऊन, शेडमध्ये भट्टी पेटल्यासारखं तापलेलं, आणि ही बाई या टाकीपासून त्या टाकीपर्यंत येरझाऱ्या घालतेय. मग तिनं कपाळावर हात मारला आणि एवढ्या जोरात हाक मारली की बर्फाचे डबे उपसणारे लोकही थांबले.

"अब्बा! मीठ तिन्ही टाक्यांत टाकलं होतं?"

नबीभाई दारात येऊन थबकले. ओरडा खाऊन फार दिवस झाले नव्हते. "हौ," ते चाचरत म्हणाले. "तिन्हीत. मूठ-मूठ."

"सारखं?"

"सारखंच."

महेजबीननं त्यांना हाताला धरून स्टुलावर बसवलं. "ऐका. सर म्हणाले टाक्या वेगवेगळ्या आहेत, फरक टाकीचा असेल. आता ही पहिली टाकी बघा. टाकी तीच. पाणी तेच, पंप तोच, काकड्यासुद्धा त्याच. बदललं काय? आतडी गेली, म्हणून यांचं खाणं बंद पडलं. बस, एवढंच बदललं, आणि वाळू काळी पडली."

"अन् माह्या मिठानं पडली असंल तं?"

"मग दुसरीत का नाही पडली? मीठ तिथंही तेवढंच गेलं. पण त्यांनी आतडी टाकली नाहीत, त्या खात राहिल्या. अब्बा, हा प्रयोग मी मागितला असता तर कोणी जन्मात परवानगी दिली नसती. तुम्ही करून ठेवलाय!"

नबीभाईंना अर्धं कळलं, अर्धं नाही. पण लेक हसतेय हे कळलं, आणि त्यांच्या जिवात जीव आला. "मंग जिंकलो का आपण?"

"अजून नाही. आता या पहिल्या टाकीतल्या काकड्यांनी पुन्हा खायला लागायचं, आणि काळी वाळू पांढरी करून दाखवायची. समिती यायच्या आत."

"अन् नाई खाल्लं तं?"

"तर त्या गाडीत जातील."

नबीभाई उठले. त्यांनी बाह्या सरसावल्या. "पाणी थंड लागते ना त्याईले? ते माह्यावर सोड."

आणि खरंच, पुढचे दिवस त्या माणसानं जे केलं त्याला तोड नाही. मे महिना, त्यात दुपारी वीज जायची. वीज गेली की टाक्या थंड ठेवायचं यंत्र बंद, आणि पाणी तापलं की नव्यानं उगवणारी आतडी गेलीच म्हणून समजा. नबीभाईंनी झाकणाचे स्टीलचे डबे आणले, त्यांत बर्फ ठासून भरला, झाकणं घट्ट लावली आणि ते टाक्यांत तरंगत सोडले. वितळला की डबा बाहेर, दुसरा आत. बाहेर लाद्या न्यायला गिऱ्हाईक खोळंबलेलं असायचं. महादेवराव ओरडायचे, "नबीभाई, इकडं रसात टाकाले बर्फ नाई अन् तुमी काकडीले एसी लावून राहिले!" नबीभाई ढिम्म हलायचे नाहीत. डब्याबाहेरचा एक थेंबही टाकीत जाऊ नये म्हणून ते डबा आधी स्वच्छ फडक्यानं पुसायचे, मग सोडायचे. आणि मिठाचं पोतं त्यांनी स्वतः उचलून पार रस्त्याकडच्या खोलीत नेऊन टाकलं होतं.

काकड्या मात्र पडलेल्या त्या पडलेल्या. रंग जरा सुधारला, अंग जरा भरलं, पण तोंड काही वाळूला लागेना. वाळूची काळी रेघ वर चढत होती. समितीचा दिवस जवळ आला आणि महेजबीन रात्रीही बॅटरी घेऊन टाकी बघून यायला लागली. काही न होता तो दिवस आला तर? मग तिच्याकडं अर्धीच गोष्ट असणार होती, आणि अर्ध्या गोष्टीवर शानभाग कधी विश्वास ठेवणार नव्हते.

मग एका सकाळी ती चहा घेत होती आणि शेडमधून नबीभाईंची आरोळी आली. अशी आरोळी की शेजारच्या गोदामातली माणसं धावली.

"महेजबीन! ये पोट्टी, लवकर ये! काकडी हगली!"

ती चहा टाकून पळाली. पहिल्या टाकीत, सगळ्यांत थोराड काकडीच्या मागं, काळ्या वाळूवर पांढऱ्याशुभ्र वाळूची शेवयांसारखी लड पडली होती. बोटभर लांब. स्वच्छ. महेजबीननं काचेला दोन्ही हात लावले आणि ती रडायला लागली, आणि रडता रडता हसायला लागली. बापाच्या गळ्यात पडली. नबीभाईही डोळे पुसत होते.

महादेवराव लादी खांद्यावर घेऊन दारात उभे होते. त्यांनी टाकीत पाहिलं, या दोघांकडं पाहिलं. "काकडी हगली म्हून रडून राहिले का तुमी? मंग आता काय, पेढे वाटू?"

"वाटा!" नबीभाई म्हणाले. आणि महादेवरावांनी खरंच पेढे आणले. आता त्या बाजूच्या आळीत कुठल्या आनंदाचे पेढे वाटले जाताहेत, हे कोणी विचारलं आणि कोणी काय सांगितलं, ते जाऊ द्या.

समिती आली ती भर दुपारी. डॉक्टर शानभाग गाडीतून उतरले तेव्हा त्यांचा सदरा अंगाला चिकटला होता. मागं प्राणी न्यायची गाडीही होती, आत रिकाम्या टाक्या बांधलेल्या. नबीभाईंनी बर्फ घालून खसचं सरबत दिलं. शानभागांनी दोन पेले संपवले, पण चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही.

"दाखवा," ते म्हणाले.

महेजबीननं फोटो दाखवले नाहीत. तिनं त्यांना सरळ पहिल्या टाकीपाशी नेलं. खरं सांगायचं तर तिला धाकधूक होती, कारण वाळू पूर्ण साफ झाली नव्हती. अर्धी पांढरी, अर्धी अजून काळी. पण शानभाग वाकले आणि वाकलेलेच राहिले. काळ्या वाळूतून पांढरे पट्टे गेले होते, शेतात निंदणीचा डवरा फिरवल्यासारखे. एका पट्ट्याच्या टोकाला एक काकडी होती. तिच्या पुढं वाळू काळी होती. तिच्या मागं पांढरी होती. आणि ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, सावकाश, पुढं सरकत होती.

पंप तेवढा गुरगुरत होता.

शेवटी शानभाग म्हणाले, "तुमच्या त्या मिठानं वाळू काळी पडली असेल."

"तेच मीठ दुसऱ्या टाकीतही गेलं, सर. तिथल्या काकड्यांनी खाणं सोडलं नाही. तिथली वाळू एक दिवसही काळी पडली नाही. बघा."

शानभागांनी पाहिलं. चमच्यानं वाळू उकरली, हुंगली. मग ते एकदम नबीभाईंकडं वळले. "मीठ तुम्ही घातलंत? तिन्ही टाक्यांत सारखंच, हे कशावरून?"

नबीभाईंना त्या प्रश्नाचा जरा रागच आला. "साहेब, तीन लेकरं पंगतीत बसली अन् दोघांलेच वाढलं, असं करते का कोणी? मूठ माही होती, तिन्हीले सारखी."

"मीटरवरही तिन्ही सारख्याच होत्या," महेजबीन म्हणाली. "चव्वेचाळीस. ते मी तुम्हाला त्याच दिवशी फोनवर सांगितलं होतं."

सांगितलं होतं, आणि शानभागांना आठवत होतं. तो एक फोन नसता, तर आज तिच्या शब्दाला काय किंमत होती? ते पुन्हा वाकले. ती काकडी तोवर आणखी पुढं सरकली होती, आणि मागं आणखी थोडी वाळू पांढरी झाली होती.

"हा प्रयोग मांडला कोणी?" त्यांनी विचारलं.

"अब्बांनी," महेजबीन म्हणाली. "मी नुसती ओरडले."

आणि तो खडूस माणूस हसला. आधी गालात, मग पोट धरून. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मग चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि म्हणाला, "मी सगळा जन्म समुद्रात बुड्या मारल्या, मॅडम. ही गोष्ट इतकी स्वच्छ कुठं दिसली नाही. पटलं मला. पहारा बसेल. आणि त्या पट्ट्यावर काकड्या सोडायच्या त्या तुम्हीच सोडायच्या."

महेजबीनला वाटलं होतं, हे वाक्य ऐकलं की आपण काहीतरी भारदस्त बोलू. तिनं शुक्रवारच्या गाडीत कितीदा तरी मनात जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. तिनं नुसते हात जोडले आणि बापाकडं पाहिलं. बाप दाराकडं तोंड करून बाहेरच्या लोकांना ओरडून सांगत होता, "पास झाली! माही पोट्टी पास झाली! काकडी पास झाली!"

"मग गाडी रिकामीच न्यायची का?" समितीतलं कोणीतरी म्हणालं.

"रिकामी कशाला?" शानभाग म्हणाले. "बर्फ भरा. या उन्हात रस्ताभर पुरला पाहिजे."

पुढं थंडीच्या दिवसांत, त्या दूरच्या बेटाजवळ, पहाऱ्याची नाव पाण्यात उभी होती आणि महेजबीन एकेक समुद्रकाकडी हातात घेऊन वाळूवर ठेवत होती. अकोल्याच्याही होत्या त्यांत. पहिल्या टाकीतली ती थोराड तिनं सगळ्यांत आधी सोडली. बेटावरची माणसं काठावर जमली होती, आणि तिला जे वाटत होतं त्याला आनंद हाच शब्द आहे, दुसरा शोधायची गरज नाही.

नबीभाई विजार गुडघ्यापर्यंत दुमडून तिच्याशेजारी उभे होते. समुद्र त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता. आता ते वाकले. एक बोट पाण्यात बुडवलं आणि जिभेला लावलं.

"कसं आहे, अब्बा?"

नबीभाईंनी चव घेतली. क्षितिजापर्यंत नजर टाकली.

"कमजोर हाये," ते म्हणाले. आणि दोन्ही हात पाठीमागं नेऊन घट्ट बांधले. "पण राहू दे. मी हात नाई लावत."